कोंडीबाच्या इंजिनावर आमची वीज

मेटकरवस्ती, ता. जत
गुरुवार, डेअरीला दूध घालून आल्यावर

तीर्थस्वरूप अमृतदाजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे बिराप्पाचा, पायांवर डोकं ठेवून रामराम.

आम्ही इकडं सगळी धडधाकट आहोत. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि धोंडुअक्का बीपीची गोळी खाते का नुसती डबीत मोजून ठेवते, ते कळवावं. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही "मुद्द्याचं बोल" म्हणता, आणि आमच्या माळावर मुद्दा येईस्तोवर रेंज राहत नाही. तेव्हा हे पत्र चष्मा लावून, बसून वाचा. विषय तांत्रिक आहे आणि मी त्यात यशस्वी झालो आहे.

पंधरा दिवसांमागं इथं वळवाचं वादळ झालं आणि ओढ्याकाठचे चार खांब आडवे झाले. चार दिवस लाईट नाही असं समजलं. एरवी मला चार दिवसांचं काही वाटलं नसतं (अंधारात झोप चांगली लागते). पण आमच्या कारभारणीनं, राहीबाईनं, अंडी उबवायच्या मशीनमध्ये दोनशे दहा गावरान अंडी ठेवली होती आणि तो सोळावा दिवस होता. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात. त्यातली निम्मी अंडी वस्तीवरच्या बायकांची, प्रत्येकीनं आपल्या अंड्यावर पेन्सिलीनं खूण केलेली. राहीनं मशीनवर गोधड्या टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या आणि माझ्याकडं बघितलं.

मी म्हटलं, वीज मी तयार करतो. सांगलीच्या भंगारातून दोन वर्षांपूर्वी मी एक डायनामो आणला होता (तो कशाला आणला, या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी सापडलं). शेजारच्या कोंडीबाच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन पडून होतं. तत्त्व सोपं आहे: इंजिन फिरतं, त्याच्या पुलीवरून पट्टा डायनामोच्या पुलीवर जातो, डायनामो फिरला की वीज. आम्ही दोन्ही यंत्रं कोंडीबाच्या शेडमध्ये बोल्टांनी घट्ट बसवली, पट्टा चढवला आणि हँडल मारलं. पट्टा तीन फेऱ्या इमानानं फिरला, मग सटकला आणि कोंडीबाच्या शेळीच्या शिंगांत जाऊन बसला. दोन पुल्या एका रेषेत नव्हत्या. मग दोन्हींच्या तोंडावरून सुतळी ताणून धरली आणि डायनामो बोटभर सरकवला. हे काम नजरेनं होत नाही, सुतळीच लागते, एवढं मी आता कुणालाही शिकवू शकतो.

दुसऱ्या खेपेला पट्टा राहिला. मी लगेच मशीनला वायर जोडायला निघालो, तर राही म्हणाली, "आदी दिव्यावर बगा. माज्या अंड्यांवर न्हाई." दिवा लावला. असा उजेड मी आयुष्यात बघितला नव्हता, आणि फार वेळ बघायलाही मिळाला नाही, कारण दिवा फुटला. झालं असं की इंजिनाला मी सगळ्यांत मोठी पुली लावली होती. (मोठ्या पुलीला मोठी वीज, असा माझा अंदाज. तो पूर्ण चुकीचा नव्हता.) राहीनं डायनामोवरची पत्र्याची पाटी पदरानं पुसून वाचली. त्याला मिनिटाला पंधराशे फेरे पाहिजेत आणि इंजिन मारतंय साडेसहाशे. मग आम्ही हिशोब केला. आम्ही म्हणजे तिनं केला, मी आकडे सांगितले. डायनामोला सहा इंची पुली होती, इंजिनाला चौदा इंची लावली, आणि मीटरचा काटा दोनशे तीसवर, म्हणजे घरच्या विजेइतका, आला.

पुढचं अक्काला वाचून दाखवू नका. पट्टा घसरतोय का ते बघायला मी चालू इंजिनावर वाकलो. गळ्यात टॉवेल होता. त्याचं टोक पट्ट्याखाली गेलं आणि मला खाली ओढायला लागलं. कोंडीबानं इंजिनाचं डिझेल तोडलं आणि राहीनं मला मागून कमरेला धरलं. इंजिन थांबलं तेव्हा पुली माझ्या नाकापासून वीतभर होती. मी टॉवेल सोडला आणि जमिनीवर बसलो. त्या दुपारी आम्ही शेळ्यांच्या वाड्याची जाळी कापून पट्ट्याभोवती बसवली. आता कायदा असा आहे की इंजिनाजवळ टॉवेल नाही, लोंबता पदर नाही, आणि इंजिन थांबल्याशिवाय पट्ट्याला हात नाही.

आता घरात वीज न्यायची. माझा बेत होता, वायर थेट घरच्या बोर्डाला जोडावी, म्हणजे मशीन, पंखा, टीव्ही सगळंच लागेल. राही बोर्डासमोर उभी राहिली. लाईनमन यासीनभाऊ सकाळी पाणी प्यायला थांबले होते, त्यांनी तिला सांगितलं होतं की अशी वीज बोर्डातून उलटी खांबावर चढते. मी म्हणालो, लाईन तर मेलेली आहे.

"मेलीय म्हणूनच त्यो तिला हात लावतोय," ती म्हणाली.

मी बाहेर बघितलं. यासीनभाऊ ओढ्यापलीकडच्या खांबावर दोरानं बांधून घेऊन काम करत होते, आमच्याकडं पाठ करून. वायर मी तशीच खाली ठेवली. मग शेडमधून वेगळी वायर ओढून फक्त मशीनला जोडली. घरच्या बोर्डाला शिवलोसुद्धा नाही.

संध्याकाळी ते चहाला आले. धुराचा पाइप भिंतीबाहेर काढलेला, अर्थिंगचा रॉड ओल्या मातीत, पट्ट्याला जाळी, सगळं हात मागं बांधून बघितलं आणि विचारलं की हे कुणी बसवलं. दाजी, तो प्रसंगच असा होता की मी म्हणालो, आमच्या साताऱ्याच्या दाजींनी फोनवर सांगितलं, मिलिटरीतले आहेत. ते नुसते हसले. लाईट चौथ्या दिवशी आली, आणि एकविसाव्या दिवशी एकशे अठ्ठावन्न पिल्लं निघाली. वस्तीत माझं, आणि अर्थात तुमचंही, नाव झालं आहे.

अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बिराप्पा

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलं. आणखी दोन वस्त्यांनी डायनामो आणलेत आणि ते मिलिटरीवाल्या दाजींनी तपासावेत असं ठरलं आहे. पुढच्या रविवारी या. पट्ट्याकडं बघून "ठीक है" म्हटलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. तुम्ही सतरा वर्षं पलटणीच्या लंगरात स्वयंपाकी होता, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हीही बोलू नका.

ता. क. (हे मी राही लिहितेय. पत्र टाकायला माझ्याकडं दिलं.) आवं दाजी, तुमी लंगरात होता हे सगळ्यांना ठाऊक हाय. यासीनभाऊंनी आमच्या लग्नात तुमच्या हातचं मटण खाल्लंय. रविवारी पिल्लांपायी साऱ्या वस्तीचं जेवण हाय, दीडशे पान, म्हणून बोलावलंय. डायनामो मी बघते. तुमी मसाला घेऊन या.