सटवाजीचं तुफान

जवळा बाजार,
पौष, सन १९४७

चिरंजीव सटवाजी,

मेंढरं घेऊन तू वऱ्हाडात गेलास, तवापासून लोकं मला पारावर बोलावून राहिले. चार वर्सं लढाईच्या जहाजावर व्हतो, म्हणून तुफानाची गोष्ट सांगा म्हणतात. मी खरी सांगतो. तीन दिवस जहाज हेलकावे खात राहिलं. मी सोताला दोरानं लोखंडी नळाला बांधून घेतलं, ओकलो, अन् मायच्या नावानं रडलो.

लोकं ऐकून घेतात. मग मोहियोद्दीन शिंपी म्हणतो, "पर सटवाजी सांगायचा, लांडग्याला बिचकलेल्या मेंढरावानी लाटा एकीवर एक चढून राहिल्या व्हत्या. ते काहून सोडलं?"

जहाजावरून मी तुला दोनच ओळी लिहिल्या व्हत्या. मोठं तुफान झालं. मी बरा हाय. तेवढ्यातून तू एवढा समुद्र कुठून काढला? पावसाळ्यात तू कधी पूर्णा नदीबी ओलांडली न्हाई.

तुझी वहिनीबी तुझंच तुफान मागते. परवा जेवताना माझ्या पोरीनं इचारलं, "दादा, तुमी समुद्र पाह्यला का?" मी म्हणालो, "तुझ्या काकानं पाह्यला."

घरात कुणी हसलं न्हाई.

हे पत्र मी धाडणार न्हाई. तू ते शेकोटीपाशी समद्यायला वाचून दाखवशील, अन् माझं रडणंबी माझ्यापेक्षा चांगलं रडशील.

तुझा थोरला भाऊ,
ग्यानोजी