जिन्यातला नमस्कार

बाबा, मंगळवारी परळला मला एका पट्ट्यावर चालवलं. छातीवरचे केस काढले, जागोजागी चिकट बटणं लावून त्यांना वायरी जोडल्या, आणि मग पायाखालची जमीन सरकू लागली. थोड्या थोड्या वेळाने तिचा वेग वाढतो आणि ती समोरून उचलली जाते, म्हणजे सपाटीवरून निघालेला माणूस आपोआप चढाला लागतो. हृदयाला कामाला लावायचं आणि ते कुठे कुरकुरतं ते पडद्यावर बघायचं. स्ट्रेस टेस्ट म्हणतात. मला पहिल्यापासून संशय होता. पन्नाशीला आलेल्या माणसाला चढावर दामटलं तर तो धापा टाकणारच, आणि त्या धापेलाच हे लोक आजार म्हणणार. त्यातून काउंटरवर ताज्या जास्वंदीचा हार घातलेला गणपती. धंद्याच्या जागी देव एवढा पुढे ठेवलेला दिसला की मी हात जोडतो आणि जास्तच सावध होतो.

मी गेलो तो तुम्ही न पाहिलेल्या सुनेमुळे. आम्ही अजून लालबागच्या त्याच खोलीत राहतो. ती म्हणाली, "अहो, खालून हाक मारल्यापासून वर पोचायला तुम्हाला हल्ली एवढा वेळ का लागतो?"

"वाटेत जिन्यातला मारुती आहे."

"मारुती माझ्याही वाटेत आहे. मी पिशव्या घेऊन येते की चटकन."

चालायच्या आधी डॉक्टरांनीही विचारलं, जिना चढताना थांबावं लागतं का? मी नाही म्हणालो. खोटं बोलतोय असं मनातही आलं नाही. देवासमोर उभं राहणं म्हणजे थांबणं, असं मी कधी धरलंच नव्हतं.

पट्टा चढाला लागला आणि छातीवर कुणीतरी पाट ठेवावा तसं झालं. समोर नुसती पांढरी भिंत. तरी माझा उजवा हात दांडी सोडून छातीवर आला आणि डोळे मिटले. मशीनपाशी उभी असलेली मुलगी ओरडली, "काका, दांडी सोडू नका! दुखतंय का?"

"नाही गं. नमस्कार करतोय."

"कुणाला?"

डॉक्टरांनी पट्टा थांबवला.

बाजूच्या खुर्चीत घाम पुसत बसलो आणि तुम्ही दिसलात. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावाहून आलोय, तुम्ही गिरणीतून सुटून येताय, आणि मी जिन्यात तुमच्या पुढे धावतोय. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मारुतीच्या कोनाड्यापाशी तुम्ही थांबता. हात छातीवर, डोळे मिटलेले, ओठ हलतायत. मी "बाबा, चला ना" म्हणून ओढतो, आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणता, "तू हो फुडे. माका देवाशी बोलूचा हा." मी वर जाऊन सगळ्या मजल्याला सांगतो की बाबा देवाशी बोलतायत. गावच्या शाळेतही सांगितलं होतं. मला त्याचा फार अभिमान होता.

आणि त्याच वळणावर तुम्ही गेलात. मी गावी होतो. शेजारचे काका नंतर सांगत, "तुझे बाबा कोनाड्याखाली बसलेले, हात छातीवर. आम्हाला वाटलं, देवाचं चाललंय. कशाला मध्ये बोलायचं? वळसा घालून गेलो." किती जण वळसा घालून गेले कुणास ठाऊक. त्यांना मी कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. देवाच्या पायाशी मरण आलं, असं मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो.

आता मात्र मला तुमचाच संशय येतो, बाबा. तुम्ही मारुतीला काय सांगत होता? छातीत दुखतंय, हेच ना? मग आईला का नाही सांगितलंत? की तुम्हालाही तो नमस्कारच वाटत होता? त्याहून वाईट म्हणजे स्वतःचा संशय येतो. ठाकूरद्वारला ऑफिसला जाताना वाटेतल्या प्रत्येक देवळापाशी मी उभा राहतो, ते कुणासाठी? वर्षानुवर्षं माझी भक्ती वाढतेय असं मला वाटत होतं. तेवढ्याच वर्षांत दमही वाढला असेल.

डॉक्टर म्हणाले, आलेखात बदल दिसतोय. त्यावरून अडथळा आहेच असं नाही, पण अँजिओग्राफी करून खात्री करायला हवी. माझा अजून त्यांच्यावर पुरता विश्वास नाही. पण घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं, आणि डॉक्टरांना फोन करून म्हणालो, जिन्याचं उत्तर तेवढं बदला, मला थांबावं लागतं. सोमवारी दाखल होतोय.

हे लिहून झालं की फाडून टाकीन. तुम्ही असतात तरी हातात द्यायचा धीर झाला नसता. आज संध्याकाळीही वळणावर उभा राहिलो. देवासाठी की दमासाठी, ते मला सांगता येणार नाही. हात जोडले, पण डोळे उघडे ठेवले, म्हणजे जिन्यातून येणारा-जाणारा निदान विचारील तरी.