चौथ्या खिशातली तार

८ मार्च १९४२, लोणावळा

साहेब मुंबईला परत गेले. जपानी बॉम्बच्या धास्तीनं बाई आणि दोन पोरं इथं बंगल्यात ठेवलीत, आणि मी त्यांचा गडी. जाताना एक जाड पुठ्ठ्याचं बाड हातात दिलं. आत चार खिसे, दर खिशात ग्रामोफोनची एक काळी तबकडी. म्हणाले, मारुती, रोज संध्याकाळी एक लावायची, दोन्ही बाजू. पोरांच्या कानावर चांगलं काही पडू दे. आणि क्रमानं हं!

लेबलं इंग्रजीत. आमची शाळा तिसरीपर्यंत. खिशांचा क्रम तोच क्रम, असं धरलं.

९ मार्च

पहिली लावली. किल्ली पिळली, सुई ठेवली. ठक ठक ठक — ठाऽऽ! कुणी कडी वाजवावी तसं. बाळ सहा वर्षांचा, तो थेट माझ्या मांडीत. वासंती नऊची, ती विचारते गातंय कोण? कुणीच नाही. नुसती वाजवणारी, शंभर माणसं, साहेब सांगून गेलेत. बांधलं एका बहिऱ्या जर्मनानं.

"जर्मन तर शत्रू ना?" बाळ.

म्हटलं, हा शंभर वर्षांमागचा. बहिरा होता, त्याला लढाई ऐकूच आली नसंल!

तबकडी उलटली तर एकदम दिवाळी. तुताऱ्या, नगारे! वासंती म्हणाली, दार उघडलं वाटतं.

१२ मार्च

चारी झाल्या. आनंद सगळा पहिल्या दोन दिवसांतच. पुढं मऊ, उदास. आणि शेवट तर मधेच — बोलता बोलता कुणी उठून जावं तसा. वासंती चिडली. असं कुठं संपतं का? म्हटलं, मोठ्या माणसांचं असंच संपतं.

मनात होती आमची लेक, छबी. तीन वर्षं झाली. साखर वाटली, पाळणा बांधला, आणि विसाव्या दिवशी गेली. मी उशाशीच होतो. तेव्हापासून घरात पाय ठरत नाही. कुठं कुठं हिंडलो, इतक्या लांब आलो.

आता बायकोला, नंदाला, परत दिवस भरलेत. जेऊरला माहेरी आहे. माझा मेहुणा अंबाजी तिथं स्टेशनात हमाल. त्याच्याकडून नंदानं पत्र लिहवलं, या म्हणून. मी जाणार नाही. मी जवळ असलो की पोर जातं.

१४ मार्च

तार आली. दुपारी शिपायानं कडी वाजवली. सही केली. बाई निजल्या होत्या.

आमच्याकडं तार येते ती मेल्याचीच. नंदा का पोर? का दोघं? इंग्रजीत असते, बाई वाचून देतील. पण वाचली की खरं झालं! बाडाच्या चौथ्या खिशात ठेवली. तिथं कुणी हात घालत नाही, मीच.

१५ मार्च

नाही वाचली.

१६ मार्च

आज चौथीची पाळी. तबकडी काढताना तार बोटाला लागली. सुई वाकडी पडली, खर्रर्र झालं. बाळ म्हणाला, मारुती, तुझा हात का हलतो? म्हटलं थंडी. मार्चात थंडी! पोरगं आत पळालं. आपली टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली.

त्याआधी दुपारी खंडाळ्याच्या कड्यावर गेलतो. खाली आगगाडी मुंगीएवढी. लय वेळ बघत बसलो. मग कंदील पुसायचे राहिलेत असं आठवलं, उठलो.

२३ मार्च

वडगावला पलटणीत भरती चालू आहे म्हणतात. जावं. कुठंतरी मरावं, हिशेब मिटला.

२६ मार्च

कालपासून अन्न जात नाही. बाई विचारतात, घरचं काही कळलं का रे? नाही म्हटलं. देवा, खोटंही नाही ते.

२८ मार्च

साहेब आले. पोरांनी हौसेनं सांगितलं, मारुतीनं सगळं ऐकवलं! पहिली लावली, उलटली. दिवाळी सुरू झाली तसे साहेब खुर्चीतून उठले.

"अरे, हा शेवट आहे!"

तबकड्या म्हणे आपोआप तबकडी बदलणाऱ्या वेगळ्या यंत्राच्या. आधी चारींची वरची बाजू ऐकायची, मग शेवटच्यापासून सगळ्या उलटायच्या. दिवाळी अगदी शेवटी. वासंती टाळ्या पिटत म्हणाली, मी सांगत होते ना!

मी तिथंच उभा. एवढे दिवस पोरांना उलटं सांगितलं.

साहेबांनी क्रमानं लावायला घेतलं. चौथ्या खिशात हात घातला — तार खाली पडली. उचलून पाहतात तर बंद. तारीख बघितली, माझ्याकडं बघितलं.

म्हटलं, "साहेब, आधी हे संपू द्या."

त्यांनी तार गुडघ्यावर ठेवली. सगळं ऐकलं. उदास आलं, गेलं. मग नुसती धाकधूक, नगारा लांब कुठं तरी हळू हळू वाजतोय, आणि दार फोडून दिवाळी आत! संपता संपत नव्हती. बाळ नाचत होता. मी भिंतीला टेकून तोंडात धोतराचा सोगा धरला.

मग म्हटलं, वाचा.

२९ मार्च, पुण्याच्या गाडीत

मुलगा. दोघं बरी. बारशाला ये. — अंबाजी.

साहेबांनी दोनदा वाचली. स्टेशनमास्तरकडून तार ठोकून घेतली लेकानं, हौस! पंधरा दिवस ती माझ्याजवळ होती. बारसं होऊन चार दिवस झाले.

घोरावाडी स्टेशन गेलं. गाडी एवढी का रेंगाळते?

पोराचं नाव काय ठेवलं असेल?