रोशेलचा दुसरा बूट

विनिपेग
बुधवार, ७ नोव्हेंबर २०१८

व्हर्नाताई,

तर तू पायांचं विचारलंस आणि तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून तिथूनच सुरू करते. सुजलेत. भरपूर सुजलेत. बॅनकच्या भाकरीसाठी भिजवलेल्या पिठासारखे, बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. बाकी मी मजेत. बाळ पण मजेत, सारखं लाथा मारतंय, हॉकी खेळणार बहुतेक. तुम्ही सगळे कसे आहात? रॉबीचा खोकला थांबला का? तळं गोठलं का? इथे नुसता चिखल आणि वारा.

पत्र एडना मावशीकडे देतेय. ती डोळे तपासायला आली होती, उद्या सकाळच्या विमानाने गावी येतेय. मी म्हटलं, मावशी, मला तुझ्या बॅगेत घाल. ती म्हणाली, "तुला घातलं तर माझं पीठ आणि चहा कुठे ठेवू? आणि वजन बघ स्वतःचं!" आता मला कोणी विमानात घेणारच नाही म्हणा, एवढं पोट घेऊन. आणताना बरं चढवलं होतं!

ताई, मला या गोष्टीचा इतका राग येतो ना. आपल्या कोकुमने, आजी असून, अर्ध्या गावाची बाळंतपणं केली. तू तर स्वयंपाकघरातच जन्मलीस, चुलीशेजारी, तिच्या हातावर. आणि आता नियम काय, तर गावात बाळ जन्मायचंच नाही. महिनाभर आधी विमानात बसायचं, तेही एकटीने. मी आपल्या नर्सिंग स्टेशनमधल्या बाईंना विचारलं होतं, ताईला सोबत नेऊ का? त्या म्हणाल्या, "बाळंतपण म्हणजे काही आजार नाही, सोबत कशाला?" मी म्हटलं, आजार नाही ना, मग मला पाठवताय कशाला? "हुशार आहेस हं," म्हणाल्या आणि सही केली. मी ठरवलंय, बाळ जरा मोठं झालं की मी दाईचं रीतसर शिकणार आणि गावात येऊन सगळ्यांची बाळंतपणं करणार. हसू नकोस. खरंच.

बाळंतपणासाठी आणलेल्या बायकांना ठेवतात ते हे घर ठीक आहे. माझ्यासारख्याच बायका आहेत, सगळ्या उत्तरेकडच्या, सगळ्या पोटुशा, चालताना जिन्यात ट्रॅफिक जाम होतो. मिसेस हॅलोरन घर सांभाळतात. फोन त्यांच्या टेबलाजवळ, आम्ही बोलताना त्या स्वेटर विणत बसतात आणि सुया मात्र हलत नाहीत. माझा मोबाईल सिंकमध्ये पडून मेला. म्हणून फोनवर मी "हो, ठीक, हो" एवढंच करत होते. तुला वाटलं मी रुसले. रुसले नव्हते.

माझ्या खोलीत रोशेल होती. रोशेल बिअर्डी, आपल्या पलीकडच्या तळ्याची. होती म्हणजे, सांगते. खूप घोरायची आणि सकाळी मलाच म्हणायची, "तू काय मोटरबोट गिळलीस का गं?" तिचं हे दुसरं बाळ. पहिल्याच्या वेळीही तिला असंच पाठवलं होतं, त्यामुळे तिला सगळं माहीत. कुठली नर्स चांगली, कुठला रस्ता वाईट. "या रस्त्यावर गाडी हळू झाली की तू भरभर चालायला लाग," हे तिनेच शिकवलं मला. संध्याकाळी आम्ही बाळांसाठी बूट शिवायचो. तिच्याकडे तिच्या आजीने कमावलेलं मूस हरणाचं कातडं होतं, धुराचा काय वास होता त्याला! खोलीत एकदम घर आल्यासारखं वाटायचं.

तिने एक बूट पुरा केला आणि तळव्याला कात्रीच्या टोकाने छोटं भोक पाडलं. कोकुम पाडते तसंच. मी विचारलं, तुमच्याकडेही? ती म्हणाली, "मग? वरची मंडळी बाळाला परत न्यायला आली तर बाळाने काय सांगायचं? 'मला नाही येता येणार, माझे बूट फाटलेत.' माझं पोर तर अजून चार कारणं सांगेल." दुसरा बूट अर्धा झाला आणि लाल दोरा संपला.

रविवारी दुपारी ती दोरा आणायला निघाली. मला चल म्हणाली. मी म्हटलं, पाय बघ माझे. ती म्हणाली, "राहू दे, हत्तीण, बस तू."

आता एडना मावशी दोनदा हाक मारून गेली, तिला जेवायला जायचंय. थांब म्हटलंय.

रोशेल परत आली नाही, ताई.

सोमवारी मिसेस हॅलोरनने तिचे कपडे काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरले. "नवीन बाई येतेय, पलंग लागेल." मी खूप आरडाओरडा केला तेव्हा कुठे पोलीस आला, एकच. दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्या बायका शहरात येतात, जरा मजा करतात, येईल परत." मी म्हटलं, आठ महिन्यांचं पोट घेऊन कसली मजा? बाळाचे बूट इथे टाकून कोणती आई जाते? त्याने तो पुरा झालेला बूट उचलला, भोकात बोट घातलं आणि मिसेस हॅलोरनला दाखवून म्हणाला, "फाटका आहे. म्हणून टाकून गेली." दोघं हसले. आणि बूट पिशवीत.

मी तो नंतर काढून घेतला. दोन्ही माझ्या उशीखाली आहेत.

मग त्याने विचारलं, "तू तिला कोणाबरोबर जाताना पाहिलंस का?"

मी नाही म्हटलं.

ताई, मी पाहिलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा घेऊन उभी होते. डग आहे ना, आम्हाला हॉस्पिटलला नेतो तो ड्रायव्हर, त्याची व्हॅन कोपऱ्यावर थांबली. रविवारी व्हॅन नसतेच, रविवारी कोणाची तपासणी नसते. रोशेल त्याला ओळखत होती, आम्ही सगळ्याच ओळखतो. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघून रिकामं रीळ हलवलं, हसली आणि बसली.

पोलिसाने डगलाही विचारलं होतं. तो म्हणाला, शुक्रवारनंतर पाहिलंच नाही तिला. सगळ्यांसमोर म्हणाला, चहात साखर ढवळत.

मी का बोलले नाही? कारण पोलीस आत यायच्या आधी मिसेस हॅलोरनने मला जिन्याखाली धरलं. म्हणाल्या, "टॅनिस, आधीच तू फार आवाज करतेस. भांडखोर आयांची नावं हॉस्पिटलला कळवावी लागतात मला. मग पुढचं माझ्या हातात नसतं." पुढचं काय ते मी तुला सांगायला नको. हॉस्पिटलात आधीच निरोप गेलेला असतो, ही बाई आली की कळवा. नाळ कापायच्या आत सरकारच्या बायका बाळ न्यायला दारात. तू तर त्या नर्सला फक्त एवढंच म्हणाली होतीस ना, नीट बोला माझ्याशी? आणि रॉबी पाच वर्षांचा होऊन घरी आला, तुला "मॅडम" म्हणत. तू तेव्हा शेडमध्ये जाऊन लाकडं फोडत बसली होतीस, मला आठवतंय. थंडी संपेपर्यंत पुरतील एवढी फोडलीस.

म्हणून मी नाही म्हटलं.

काल डग स्वयंपाकघरात आला. मी एकटीच होते. तो माझ्या शेजारी खिडकीत येऊन उभा राहिला. म्हणाला, "इथून कोपरा छान दिसतो, नाही?" मी कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शुक्रवारी तुझी तपासणी ना? तू एकटीच आहेस त्या दिवशी. मीच नेणार." आणि माझा कप उचलून धुऊन ठेवला. इतका नीट धुतला, ताई.

मी मिसेस हॅलोरनला म्हटलं, मी बसने जाते. त्या म्हणाल्या, "व्हॅन नाकारलीस तर 'सहकार्य करत नाही' असं कळवावं लागेल." म्हणजे इकडूनही तेच आणि तिकडूनही तेच.

एडना मावशीची मैत्रीण आहे इथे, जोसेट म्हणून, हरवलेल्या बायकांच्या घरच्यांना मदत करते. तिची स्वतःची बहीण अशीच हरवली आहे. मावशी म्हणते ती माझ्यासोबत दुसऱ्या पोलीस स्टेशनात येईल, मी बोलायला तयार असेन तर. पण मावशी खरं तेच म्हणाली, "बाळ तुझ्याकडेच राहील असं मी सांगू शकत नाही, पोरी. खोटं नाही बोलणार." आणि रोशेल कुठेतरी असेल तर? अजून असेल तर? तिचे दिवस भरत आलेत.

आईला हे वाचून दाखवू नकोस. कोकुमला दाखव, तिला झेपतं.

पत्राला उत्तर यायला वेळ नाही. उद्या संध्याकाळी फोन कर. मिसेस हॅलोरन ऐकत असणार, म्हणून हे काही विचारू नकोस, फक्त बुटांचं विचार. रोशेलचा दुसरा बूट मी माझ्या निळ्या दोऱ्याने पुरा केलाय. वेडावाकडा झालाय, तिने पाहिला तर मला मारेल. फक्त तळव्याचं भोक राहिलंय. तू "पाड" म्हणालीस तर मी जोसेटबरोबर जाते आणि सगळं सांगते. तू "राहू दे" म्हणालीस तर मी गप्प बसते आणि शुक्रवारी व्हॅनमध्ये मागच्या सीटवर, दाराजवळ बसते. तू काहीही म्हणालीस तरी मी तुझ्यावर कधी रागावणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

रॉबीला माझ्याकडून घट्ट मिठी.

उशीखाली दोन बूट घेऊन झोपणारी,
तुझी टॅनिस

ता. क. मावशी कोट घालून दारात उभी आहे. कात्री माझ्या हातात आहे, ताई. तुझं पोर त्यांनी नेलं होतं, म्हणून तुलाच विचारते, पाडू का भोक?