साहेबांचं जपानी झाड

चिंचवड,
बुधवार, ८ ऑक्टोबर १९५८

प्रिय मंजुळा,

तुझं झाड जगलं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. दोन मैलांवर राहणाऱ्या मैत्रिणीला पत्र कशाला, असं वाटेल. गेल्या रविवारी तू झाड बघायला आलीस, मी खोदून विचारलं, तू अर्धंमुर्धं कबूल केलंस आणि चहा टाकायला उठलीस. माझ्या घरात! म्हणून लिहिते. पत्रासमोरून उठून जाता येत नाही.

गेल्या महिन्यात तुझ्या नवऱ्याने, हिंदुरावसाहेबांनी, ड्रायव्हरकरवी जीपमधून ती कुंडी माझ्या ओसरीवर उतरवली. सोबत निरोप, "बाई, जपानी झाड आहे, पानं गाळतंय. कारखान्याचे जपानी पाहुणे यायच्या आत बरं करून द्या." जणू मी मुलींची शाळा नाही, गुरांचा दवाखाना चालवते. मी एक पान तोडलं. देठातून पांढरा चीक आला. पान जाड, कड गुळगुळीत, शेंड्याला टोकदार मिटलेली कळी. हे नांद्रुक आहे, मंजुळा, वडाच्या जातीचं आपलं इथलंच झाड. कोल्हापूरला कॉलेजच्या फाटकापाशी ज्याच्या सावलीत आपण डबा खायचो, तेच. साहेबांनी जपानहून आणलेल्या त्या बुटक्या झाडाचं वर्णन तूच केलं होतंस: पातळ पान, कडेला करवतीसारखे दात. मला फसवताना तुला निदान लाज वाटायला हवी होती. नांद्रुक मी ओळखणार नाही, असं वाटलं तुला?

साहेब कलकत्त्याच्या कामावर असताना, पहिल्याच थंडीत त्या खऱ्या झाडाची पानं गळली आणि तू ते मेलं समजून टाकून दिलंस. बॉटनीत माझ्यापेक्षा जास्त मार्क मिळवणारी तू! साल नखाने जरा खरवडून आत हिरवं आहे का, एवढं तरी बघायचंस. ते मेलं नसेल, झोपलं असेल. पण भीती बसली की माणसाचं शिकलेलं सगळं वाया जातं. एक बशी फुटली तर महिनाभर अबोला धरणारा नवरा, त्याचं जपानी झाड गेलं तर काय करील, एवढंच तुला दिसलं. मग कारखान्याच्या कुंपणापाशी बुजवायला काढलेल्या विहिरीच्या भिंतीतून तू हे रोप उपटून आणलंस आणि रिकाम्या कुंडीत लावलंस. साहेब वर्षाने परतले. त्यांना काही कळलं नाही. मेथी आणि शेपूतला फरक ज्यांना कळत नाही, त्यांना पानाचे दात कुठले दिसायला!

झाडाला झालं होतं काय, तेही लिहिते. कुंडीची भोकं बुजली होती. तुझ्या सासूबाई अंघोळ झाली की तुळशीबरोबर याच्याही बुडाशी तांब्याभर पाणी ओततात. तुळस उन्हात असते, ती पाणी पचवते. हे बिचारं दिवाणखान्यात रेडिओवर, काळोखात, मुळं चिखलात. मी ते बाहेर काढलं, काळी पडलेली मुळं कातरली, पवना नदीची धुतलेली वाळू, विटांचा चुरा आणि थोडी माती घालून पुन्हा लावलं आणि ओट्यावर सकाळच्या उन्हात ठेवलं. बोट पेरभर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पाणी. खत सध्या अजिबात नको. आजाऱ्याला कोणी पुरणपोळी वाढत नाही. जागा बदलली की हे थोडी पानं टाकतंच, तेव्हा घाबरून काही करत बसू नकोस. आता फांद्याफांद्यांना नवी पानं आली आहेत.

आणि मंजुळा, हे करताना मी ते झाड पहिल्यांदा नीट पाहिलं. जळालेल्या विजेच्या मोटारीची तांब्याची तार गुंडाळून तू फांद्या वळवल्यास. एका ठिकाणी तार सालीत रुतली आहे, ती काढायला तू उशीर केलास. बाकी मला चूक सापडली नाही. वीतभर झाड, पण लांबून बघावं तर शंभर वर्षं उभं असल्यासारखं. पुस्तक नाही, शिकवणारं कोणी नाही. एवढं काम केलंस आणि ते नवऱ्याच्या नावावर लपवलंस, याचा मला झाड टाकल्यापेक्षा जास्त संताप आहे.

काल तुझे साहेब स्वतः आले होते. म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर झ्याक. एक पाटी लिहून द्या, जपानी नाव घाला त्यावर. पाहुण्यांना कळू दे, सहा वर्षं मी हे जगवलंय. आमच्या मंडळींना झाडापाल्यातलं काय कळतंय!" मी गप्प बसले, कारण कोणाला सांगणार नाही असा रविवारी तुला शब्द दिला होता. चुकीचं नाव लिहिणाऱ्या मुलींना शून्य देणारी मी, गप्प बसले. ते जपानी इंजिनियर एका नजरेत ओळखतील, पण सभ्य माणसं आहेत, बोलणार नाहीत, आणि तुमच्या घरात हे खोटं असंच चालू राहील. ते मला सोसवणार नाही. पाटी मी लिहिलेली नाही. रविवारी पाहुणे चारला येणार, मी झाड घेऊन तीनला येईन. त्या तासाभरात तू साहेबांना सगळं सांग. मी तुझ्या शेजारी बसेन. अबोला धरतील, धरू देत, जेवायला माझ्याकडे येत जा. नाही सांगितलंस, तर पाहुण्यांसमोर मी सांगेन, की हे नांद्रुक आहे आणि ते या बाईने घडवलंय. शब्द मोडला म्हणून तू माझ्याशी कायमचं बोलणं टाकलंस, तर तेही मी सोसेन.

तुझीच, आणि अजून रागावलेली,
शालन