राघोमामांनी मागितलेली विलायती चक्क्याची कृती

मुक्काम बोवाल, सावॉय प्रांत, फ्रान्स देश
भाद्रपद शुद्ध सप्तमी, शके १८०६

तीर्थस्वरूप राघोमामांच्या चरणी, कल्याण नेमके कोणत्या अंगाला येते हे एदलजी शेटांच्या होकायंत्रावर दोनदा ताडून पाहून, भाचा आनंदा याचा साष्टांग नमस्कार. आपले गुडघे कसे आहेत? मामींची कंबर भाद्रपदात धरते, ती यंदा धरली की सोडली? शेणाळे तळ्याभोवतीचे आपले सकाळचे फिरणे चालू असेलच, आणि वाटेत भेटेल त्याला माझे काय करावे हे विचारणेही.

आपले श्रावणातले पत्र पोचले. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली ही, की मी समुद्र ओलांडला तो ओलांडलाच, आता म्लेंच्छांच्या देशात काय खाल्ले-प्यायले याचा निकाल कल्याणची सभा आपल्या अध्यक्षतेखाली लावील, आणि तोवर आमच्या बाळच्या माघातल्या मुंजीला एकही ब्राह्मण पानावर बसणार नाही. (आपल्या भाचेसुनेने, सगुणेने, वेगळे लिहिले आहे की हे वाक्य आपण घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवलेत, तेव्हापासून पोर जेवत नाही.) दुसरी, वैशाखात मी शेटांच्या गुमास्त्याबरोबर पाठवलेला, जात्याच्या तळीएवढा विलायती चक्का, साहेबलोक ज्याला चीज म्हणतात तो, आपल्याला फार आवडला. तिसरी, तसाच आणखी एक पाठवावा आणि मामींसाठी कृती विचारून कळवावी. कृती आणली आहे. ती शेवटी लिहितो. कारण ती आणायला मला जो डोंगर चढावा लागला तो आधी सांगितल्यावाचून तिची किंमत कळणार नाही.

आता हे गाव. मामा, आपण मलंगगड तीन वेळा चढलात हे सबंध कल्याणला ठाऊक आहे, आणि विसरू म्हटले तरी आपण विसरू देत नाही. पण असले सात मलंगगड एकावर एक रचून वर मुंब्र्याची सगळी डोंगररांग ठेवली, तर इथल्या एका डोंगराचा खांदा होईल, डोके निराळेच. पहाटे ते डोके आधी राखाडी, मग केशरी आणि मग असे पांढरे होते की तोंड धुवायचे विसरून माणूस बघत राहतो. पहिल्या दिवशी मला ते मिठाचे ढीग वाटले. (वीस वर्षे एदलजी शेटांच्या मिठागरावर पत्रे लिहिली, त्याचा हा परिणाम.) चार दिवसांनी त्या पांढऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा चाखूनही पाहिले. अळणी निघाले. शेटांना कळवले, तर म्हणाले, "आनंदराव, तुमी फिरून या नी मला येऊन सांगा, म्हणजे माझी पण हवा झाली." डॉक्टरने त्यांना डोंगरावर चालायला पाठवले आहे, ते सज्जात घोंगडी पांघरून बसतात आणि त्यांच्या वाटचे मी चालतो. तब्येत त्यांची सुधारते आहे.

माझा आचार कडकडीत चालू आहे. रोज उजाडता बर्फाच्या ओढ्यावर स्नान, ओले सोवळे, तीन दगडांच्या चुलीवर स्वतः शिजवलेला भात. सोवळे वाळायच्या आत कडक होऊन एकटे उभे राहते, एवढे सोडले तर अडचण नाही. हा सोहळा बघायला पहिल्या आठवड्यात सारे गाव बांधावर जमत असे. आमचा दुभाषी पेद्रू, ठाण्याचाच, फ्रेंच आगबोटीवर नऊ वर्षे स्वयंपाकी होता, तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "पंत, ही डोकरी इचारते, कोनी शिक्षा दिली ह्यांना?" मी म्हटले, सांग, धर्माने दिली. तिने मान हलवली, म्हणजे तिच्याही धर्माचा तिला अनुभव असावा. डोकरीचे नाव मादलेन, वय सत्तर, आणि आपण खाल्लेला चक्का तिच्याच हातचा.

ती उन्हाळाभर गुरे घेऊन वरच्या कुरणात राहते, म्हणून कृतीसाठी मी आणि पेद्रू वर निघालो. त्या दिवशी तिथल्या देवळीची जत्रा होती, गावही निघाले होते. पायथ्याशी त्यांचा क्रूस दिसला. आपण दुर्गाडीच्या पहिल्या पायरीला जोडे काढता, आणि आम्हा भाच्यांना कान धरून काढायला लावलेत. तो हात कानाला अजून लागतो. मी जोडे काढले, क्रूसाशी नीट ठेवले आणि अनवाणी चढू लागलो. देवळी पाच तासांवर आहे हे पेद्रूने तासाभराने सांगितले. ("आदी का नाय बोललास?" "मला वाटला नवस हाय, पंत. नवसात तोंड घालू नये.") परत फिरावे तर पुढे-मागे सगळा गाव बघत होता. खडी झाली, काटे झाले, उन्हाळ्यातही न वितळलेल्या बर्फाचे दोन पट्टे झाले. पाय माझेच आहेत याची मी मधूनमधून खाली पाहून खात्री करून घेत होतो. गावकऱ्यांनी मात्र टोप्या काढल्या. त्यांच्या पाद्र्याने तिथल्या तिथे थांबून चार शब्द सांगितले. पेद्रूच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा मथितार्थ असा, की हा मूर्तिपूजक बघा आणि आपले जाड जोडे बघा. तीन गृहस्थांनी लाजेकाजेने जोडे काढले. ते माझ्याशी पुढे बोलले नाहीत.

पण मामा, त्या चढावर जे पाहिले त्यासाठी मी पुन्हा अनवाणी जाईन. (पेद्रूला हे सांगू नये.) कड्यावरून पडणारे पाणी खाली पोचतच नाही, वाटेतच धूर होऊन वाऱ्यावर जाते. गवतात निळी फुले इतकी, की पाय कुठे टाकावा हा प्रश्न पडतो आणि तो टाकावा तर लागतोच. आणि मार्मोत नावाचा एक प्राणी आहे, घुशीहून मोठा, गुबगुबीत. तो बिळापाशी मागच्या पायांवर उभा राहतो, पुढचे हात पोटावर धरतो आणि जेवणाचे बोलावणे येते आहे का हे टक लावून बघतो. दहा-बारा एका रांगेत असे उभे दिसले आणि मला आपल्या सभेची फार आठवण झाली.

वर मादलेनबाईच्या गाई. एकेकीच्या गळ्यात देवळातली शोभेल एवढी घंटा, जत्रेसाठी शिंगांना फुले बांधलेली, आणि सगळा डोंगर नुसता वाजत होता. मला भरून आले. कडोसरीला हळदकुंकवाची पुडी होती. पुढारी गाईला कुंकू लावले, प्रदक्षिणा घातली आणि शेपटी डोळ्यांना लावली. गाईने माझी शेंडी चाटली. मादलेनबाईचे डोळे पाणावले. "तुमच्याकडे सगळे लोक गाईला असेच मानतात का," असे तिने विचारले. पेद्रू म्हणाला, "मानतात. मग घरी जाऊन दूध पातळ हाय म्हनून गौळ्याशी भांडतात." तिने माझे पाय बघितले, आत जाऊन स्वतः विणलेले लोकरीचे मोजे आणले आणि माझ्या पुढ्यात बसून, मी नको नको म्हणत असता, पायांत घातले. लोकर सोवळ्यात चालते. चालत नसती तरी त्या वेळी मी काढली नसती, हेही लिहून ठेवतो.

उतरताना पाय टेकवेनात, म्हणून तिने मला गवताच्या घसरगाडीवर बसवले. म्हणजे दोन लाकडी धावा, वर गवताचा भारा, भाऱ्यावर मी आणि पुढे दांडे धरून ती सत्तर वर्षांची बाई. उतार छपरासारखा. तिने एकदा मागे वळून काहीतरी विचारले, मी नम्रपणे मान हलवली, आणि त्यानंतर माझे उपरणे मला दिसले नाही. रामरक्षा सुरू केली ती तिसऱ्या श्लोकाला खाली पोचलो. बाईने घाम पुसला आणि धोतराचा सुटलेला काष्टा दुसरीकडे बघत माझ्या हातात दिला. क्रूसापाशी माझे जोडे होते तिथे, होते तसे होते. हा देश आपला नव्हे, हे मला त्या क्षणी जितके पटले तितके समुद्र ओलांडतानाही पटले नव्हते.

असो. आचार कसा राखला ते आपण वाचलेतच. मामींना नमस्कार. बाळला सांगावे, जेवत जा.

आपला आज्ञांकित भाचा,
आनंदा

ता. क. कृती. धारोष्ण दूध तांब्याच्या मोठ्या हंड्यात कोमट करावे. त्यात पळीभर जामण, म्हणजे त्यांचे विरजण, घालावे. दूध बसले की कापावे, लाकडाच्या काठीने ढवळावे, फडक्यात बांधून दाबावे, मीठ चोळून तळघरात ठेवावे आणि दोन-तीन महिने रोज उलटावे. आपल्या हवेत काय होईल ते मामी जाणोत. जामण कसले, हे विचारल्यावर मादलेनबाईने चुलीवर टांगलेली, वाळलेल्या पिशवीसारखी एक वस्तू दाखवली. पेद्रू हंड्यात बघू लागला. मी म्हटले, बोल. "नका इचारू पंत." मी म्हटले, मामांची आज्ञा आहे. तेव्हा म्हणाला, "कोवळ्या वासराचा पोट हाय, सुकवलेला. तो भिजवून घातल्याबिगर ह्यांचा दूध बसत नाय." मी तिथल्या तिपाईवर बसलो. गाई बाहेर वाजतच होत्या. मी चैत्रापासून रोज भाताबरोबर हा चक्का, निव्वळ दूध म्हणून, खात आलो आहे.

ता. क. दुसरा. आपले पत्र पुन्हा काढून वाचले. आपण लिहिता, "आषाढी एकादशीस, केवळ दुधाचा म्हणून, उपवासास चालविला. सभेच्या बाराही जणांनी बोट बोट घेतला, मी दोनदा." हे पत्र मी जपून ठेवले आहे. सभा भरेल तेव्हा मला प्रायश्चित्त जरूर द्यावे. मी चुकलो आहे आणि नाकारत नाही. फक्त ते, मला धरून, तेरा जणांना एकाच दिवशी, गुडघेदुखी असलेल्यालाही, झेपेल असे बेताचे असावे, आणि माघाच्या आत उरकावे. मी कोणाला काही सांगणार नाही. मुंजीच्या पंगतीत आपले पान माझ्या शेजारी मांडायला सगुणेला लिहिले आहे.

ता. क. तिसरा. दुसरा चक्का बांधून तयार आहे. चव पहिल्याहून सरस आहे. (मला कसे कळले, ते विचारू नये.) पाठवू नये असे असल्यास उलट टपाली कळवावे. पत्र आले नाही, तर हवा आहे असे समजतो.