डोहातल्या म्हातारीचे दात

आई, तुझ्या गोष्टीतल्या डोहातल्या म्हातारीचे दात काढले. आता ती शाळेच्या पडद्यावर कार्टून होऊन नाचते. गुलाबी गाल, चष्मा, हातात पालकाची जुडी, आणि लोह खा, लोह खा असं गाणं. रिसोडला नातीला शाळेतून आणायला गेले तेव्हा पाहिलं आणि तिथेच सरांना विचारलं, "हिचे दात कुठे गेले?"

"लेकरं भेतात नं, मॅडम."

"भ्यायलाच होती ती!"

ते हसले. निवृत्त मास्तरीणबाईच्या रागावर लोक असेच हसतात.

अजून दिसतं: मी लहान, चुलीपुढे बसून अंबाडीची भाजी ताटाच्या कडेला सारते आहे, आणि तू भाकर थापताना वळूनही न पाहता म्हणते आहेस, "टाक, टाक. तू येक घास टाकला का ते डोहातून येक पायरी वर येते. आज तं आंगणात येऊन राह्यली, पाह्य." मी दाराकडे बघत ताट चाटूनपुसून संपवायची. पुढे कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात मुलींना हीच गोष्ट सांगताना सिस्टरांनी पकडलं. हातावर पट्टी बसली, गोष्ट अर्धीच राहिली.

नातीच्या अंगात रक्त नाही. डॉक्टरांनी तिची पापणी ओढून दाखवली, आतून पांढरी. ते गाणं माझ्या फोनवर बघून बघून तिला तोंडपाठ आहे; लोह कशाकशात असतं ते घडाघडा सांगते आणि भाजी दिसली की ओठ घट्ट मिटते. काल मी फोन कपाटात ठेवला आणि तुझी म्हातारी दातांसकट बाहेर काढली. म्हातारी एक पायरी चढली, पोरीने एक घास घेतला. दुसरी चढली, दुसरा. म्हातारी दारात आली तशी पोर घास विसरून माझ्याकडेच बघत राहिली.

"आजी, मंग? आत येऊन काय करते ते?"

आई, मला माहीतच नाही. माझं ताट नेहमी त्याआधी रिकामं व्हायचं, आणि तू ते उचलून न्यायचीस. मी माझ्या शाळेतल्या स्वच्छ मराठीत काहीतरी जुळवू लागले. पोरगी माझीच नात, लगेच म्हणाली, "खोटं सांगून राह्यली तू." ओठ मिटले. भाजी तशीच.

शेवट आता विचारू कोणाला? तुझ्या वेळच्या बाया एकेक करून गेल्या, आणि हे पत्रही वहीतच राहणार. एक मात्र सांगते, रागावू नकोस. मी कपाट उघडून फोन तिच्या हातात दिला. बिनदाताची म्हातारी नाचू लागली, आणि पोर तिच्याकडे बघत बिस्किटं खात बसली. बिस्किटं मीच दिली.